दांडीयात्रेची झोळी आणि डोक्यावरचा दिवा

१/ १२ मार्च १९३० रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास महात्मा गांधी आणि त्यांचे ७८ सहकारी साबरमती आश्रमातून पायी निघाले. सुमारे २४० मैलांची, म्हणजे ३८५ किलोमीटरची वाट चालून ५ एप्रिलला ते दांडीच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचले आणि ६ एप्रिलला गांधींनी मीठ उचलून कायदा मोडला. ते मूठभर मीठ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मात्र त्या यात्रेकरूंच्या खांद्यावर जी झोळी होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्या झोळीत काय घ्यायचे, काय घ्यायचे नाही आणि जे घेतले नाही त्याचा भार अखेर कोणी वाहिला, याची ही हकिकत.

२/ झोळीतील सामानाची यादी लहान आहे. गुंडाळलेले अंथरूण, कपड्यांचा एक बदली जोड, सूत कातण्यासाठी टकळी, रोजनिशीची वही आणि पाणी पिण्यासाठी एक पेला. गांधींच्या हाती बांबूची काठी असे. बस्स. या यादीत शिधा नाही, स्वयंपाकाची भांडी नाहीत, तंबू नाही आणि रात्री वाट दाखवणारा दिवाही नाही. यातला दिवा ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याच्यावरूनच यात्रेतील सर्वांत कठोर आत्मपरीक्षणाचा प्रसंग उद्भवला.

३/ यादीतील प्रत्येक वस्तूमागे एक विचार होता. अंथरुणाचेच पाहा. ऐंशीच्या आसपास माणसे एखाद्या लहान गावात अचानक मुक्कामाला आली, तर त्यांच्या निजण्याची सोय करताना यजमानांची तारांबळ उडते. घरोघरी फिरून गोधड्या, सतरंज्या, खाटा गोळा कराव्या लागतात. आपले अंथरूण आपणच वाहून नेले, तर गावाकडे मागण्यासारखे एकच उरते : झाडलेली, स्वच्छ जागा. गांधींनी यात्रेपूर्वी ‘नवजीवन’मध्ये वाटेवरील गावांसाठी ज्या सूचना छापल्या, त्यांत नेमके हेच लिहिले होते.

४/ टकळीची निवडही अशीच विचारपूर्वक झालेली दिसते. आश्रमात चरखा रोजचा होता. पण उभा चरखा झोळीत मावत नाही. टकळी म्हणजे एक बारीक काडी आणि तिच्या खालच्या टोकाशी बसवलेली लहानशी चकती. वजन नगण्य, आणि जागा जवळजवळ लागतच नाही. सभेत बसल्या-बसल्या किंवा झाडाखाली विसावा घेतानाही तिच्यावर सूत काढता येते. यात्रेकरूंवर तीन नित्यकर्मांचे बंधन होते : प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशीलेखन. प्रार्थनेला सामान लागत नाही. उरलेल्या दोहोंसाठी झोळीत टकळी आणि वही आली.

५/ झोळीत नसलेल्या गोष्टी गावाने पुरवायच्या होत्या. म्हणून त्या किती साध्या असाव्यात हेही आधीच ठरवून दिले होते. जेवण शक्य तितके साधे, गोडधोड नाही. भाज्या केवळ उकडलेल्या. तेल, मसाले, मिरची वर्ज्य. विड्याची पाने, सुपारी, चहा यांवर गावाने पैसा खर्च करू नये. खुद्द गांधींसाठी शेळीचे दूध मिळाल्यास ते, मनुका किंवा खजूर आणि तीन लिंबे पुरेशी होती. लिंबांची संख्यासुद्धा लिहून देण्यामागचा हेतू उघड आहे. ‘थोडेसे काहीतरी करा’ एवढेच सांगितले, की आतिथ्यशील गाव त्याचा अर्थ आपल्या परीने लावते आणि पंगत उठवते.

६/ त्याच सूचनांत गावांकडून एक वेगळी मागणीही होती, ती म्हणजे माहितीची. लोकसंख्या किती, त्यात स्त्रिया व पुरुष किती, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किती, अस्पृश्य मानले गेलेले किती, शाळा आहे काय, चरखे किती फिरतात, दरडोई मीठ किती लागते, गाई-म्हशी किती, शेतसारा किती भरावा लागतो, सार्वजनिक गायरान किती. मुक्कामाच्या गावी भाषण करताना गांधी हे आकडे वापरत आणि गावापुढे गावाचाच आरसा धरत. रिकाम्या झोळीने आलेल्या पाहुण्याने यजमानाकडे मेजवानीऐवजी आकडेवारी मागावी, हे त्या काळी नवलाचेच होते.

७/ या सर्व व्यवस्थेसाठी एक पथक यात्रेच्या पुढे चालत होते. गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या या तुकडीला ‘अरुण टुकडी’ म्हणत. अरुण म्हणजे सूर्याच्या आधी येणारा. पुढच्या गावी जाऊन जागा, पाणी, शौचाची व्यवस्था, जेवण आणि वर सांगितलेली माहिती यांची तयारी ही मुले करीत. त्याही आधी वल्लभभाई पटेल यांनी वाटेवरील प्रदेशात दौरा सुरू केला होता. ७ मार्च रोजी रास या गावी त्यांना अटक झाली. म्हणजे झोळी हलकी राहावी यासाठी तिच्यापुढे बरीच माणसे राबत होती, हे प्रथमपासूनच खरे होते.

८/ झोळी खांद्याला लावणारे कोण होते? ‘यंग इंडिया’ने सर्व ७८ जणांची नावे छापली. प्रांतवार पाहता गुजरातचे ३१, महाराष्ट्राचे १३, संयुक्त प्रांताचे ८, कच्छचे ६, केरळचे ४, पंजाब व राजपुतान्याचे प्रत्येकी ३, मुंबईचे २ आणि सिंध, नेपाळ, तमिळनाडू, आंध्र, उत्कल, कर्नाटक, बिहार, बंगाल येथील प्रत्येकी एक. सर्वांत लहान यात्रेकरू १६ वर्षांचा. गांधी स्वतः वयाच्या ६१व्या वर्षात. स्त्रियांना या तुकडीत घेतले नव्हते आणि त्यावर तेव्हाही नाराजी व्यक्त झाली होती.

९/ महाराष्ट्राशी असलेला एक धागा संगीताचा आहे. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आश्रमाच्या प्रार्थनासंगीताची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि ‘आश्रम भजनावली’चे संकलनही त्यांचेच. यात्रेतही भजनांची धुरा त्यांनी वाहिली. ज्या तुकडीत प्रत्येक वस्तूचे वजन मनात तोलले जात होते, तिथे गाण्याला मात्र जागा होती. पहाटेच्या आणि सायंकाळच्या प्रार्थनेत थकलेल्या माणसांना एकत्र बांधणारे तेच होते.

१०/ ही वाटचाल शारीरिकदृष्ट्या फार कठीण असल्याचे गांधींना मान्य नव्हते. दिवसाला बारा मैलांहून कमी अंतर, तेही दोन टप्प्यांत, आणि पाठीवर फारसे ओझे नाही; असे असताना ही यात्रा म्हणजे पोरखेळच आहे, अशा आशयाचे ते बोलले होते. सोमवारी मौनाबरोबर वाटचालीलाही विश्रांती असे. तरीही ऊन मार्चचे होते, पायांना फोड येत होते, काही जण आजारी पडले. गांधींसाठी एक घोडा सोबत ठेवला होता; ते त्यावर बसले नाहीत.

११/ कष्टाची खरी परीक्षा मही नदीने घेतली. १९ मार्चच्या रात्री कंकापुराकडून पलीकडच्या तीरावर जायचे होते. मही खंभातच्या आखाताला मिळते, तिथे भरती-ओहोटीचा जोर मोठा. पाण्यातून, होडीतून आणि मग किनाऱ्यालगतच्या खोल चिखलातून ही माणसे मध्यरात्रीच्या सुमारास पार झाली. एका हाताने तोल सावरीत आणि दुसऱ्या हाताने खांद्यावरचे सामान वर धरीत चिखल तुडवताना, ‘फारसे ओझे नाही’ या शब्दांचे मोल कळते. झोळी आणखी जड असती, तर ती रात्र निराळी झाली असती.

१२/ पण हलक्या झोळीचे कारण केवळ चालण्याची सोय हे नव्हते. २ मार्च १९३० रोजी गांधींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले. रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रज सहकाऱ्याने ते दिल्लीला नेऊन दिले. त्या पत्रात हिंदुस्थानचे राज्य जगातील सर्वांत खर्चीक राज्यांपैकी एक आहे, असा आरोप होता आणि पुराव्यादाखल खुद्द व्हाइसरॉयच्या पगाराचा हिशेब मांडला होता : महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ७०० रुपये. सामान्य हिंदी माणसाची सरासरी कमाई मात्र दिवसाला दोन आण्यांहूनही कमी.

१३/ हा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. रुपयाचे आणे १६. म्हणजे ७०० रुपयांचे ११,२०० आणे. त्याला दोनने भागले, की ५,६०० येतात. व्हाइसरॉय सरासरी रयतेच्या पाच हजारपटींहून अधिक घेतो, हे गांधींचे विधान अशा सरळ अंकगणितावर उभे होते. आता ज्याने सरकारला खर्चाचा हिशेब विचारला, त्याच्या स्वतःच्या मुक्कामाचा हिशेबही कोणी विचारू शकतो. म्हणून झोळीतील एकच बदली जोड आणि ताटातील उकडलेली भाजी हा त्या पत्रातील युक्तिवादाचाच पुढचा भाग होता. तो ढळला, तर पत्रही ढळणार होते.

१४/ आणि तो ढळू लागला. यात्रा जसजशी दक्षिणेकडे सरकू लागली, तसतशी गर्दी आणि लोकांचा उत्साह दोन्ही वाढत गेले. यजमान कार्यकर्त्यांना पाहुण्यांची सेवा कमी पडू द्यायची नव्हती. छापील सूचना होत्या. पण दारी आलेल्या महात्म्याला कोरडे कसे पाठवायचे? सुरतेहून मोटारलॉरीतून दूध येऊ लागले, ताज्या भाज्या येऊ लागल्या. झोळ्यांत एकही वस्तू वाढली नव्हती. वाढले होते ते झोळीबाहेर, दुसऱ्यांच्या खर्चाने आणि दुसऱ्यांच्या श्रमाने.

१५/ याच व्यवस्थेत रात्रीच्या वाटचालीसाठी एक दिवा आला. तो किटसनचा दिवा होता. दाबाखालच्या रॉकेलवर जाळीचे मँटल तापवून झगझगीत उजेड देणारा. आपल्याकडे ज्याला गॅसबत्ती म्हणतात, त्याच जातीचा. महाराष्ट्रात गावोगावच्या वरातींत डोक्यावर असे दिवे घेऊन दोन्ही बाजूंनी चालणारी माणसे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे दृश्य चटकन कळेल. उजेड नवरदेवावर पडतो. दिवा धरणाऱ्याचा चेहरा अंधारात राहतो, आणि त्याने वरातीच्या गतीनेच चालायचे असते.

१६/ यात्रेतही एका मजुराच्या डोक्यावर जड चौरंगासारखी बैठक आणि तिच्यावर तो दिवा ठेवला होता. गांधींचे चालणे वेगवान होते आणि मजुराला तुकडीपुढे उजेड धरायचा होता. म्हणून त्याला भराभर चालायला भाग पाडले जात होते. गांधींना ते पाहवेना. नजरेआड व्हावे म्हणून त्यांनी आपला वेग वाढवला आणि सर्वांना मागे टाकले. परिणाम उलटाच झाला : त्या माणसाला दिव्यासह त्यांच्यामागे धावायला लावण्यात आले. आपल्या अवमानात आता काही उणे राहिले नाही, असे त्यांना वाटले.

१७/ २९ मार्च रोजी सुरत जिल्ह्यातील भाटगाम येथील सभेत त्यांनी हे सारे उघडपणे मांडले. रोख सरकारकडे नव्हता. स्वतःकडे, सहकाऱ्यांकडे आणि यजमान कार्यकर्त्यांकडे होता. लॉरीने आणलेले दूध, भाज्या, वाढता खर्च या सर्वांचा त्यांनी उल्लेख केला. देशातील माणसाची सरासरी कमाई दिवसाला सात पैसे असताना आपल्यावर तिच्या कित्येक पटींनी खर्च होत असेल, तर व्हाइसरॉयच्या पगारावर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आणि मग ते दिव्याकडे वळले. आपण वेठबिगारीला विरोध करतो. मग हे वेठबिगारीहून वेगळे काय, असा त्यांचा प्रश्न होता.

१८/ हा शब्द त्या सभेत किती जिव्हारी लागला असेल, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दौऱ्यावर आलेल्या सरकारी अधिकाऱ्याचे सामान, तंबू, पेट्या गावकऱ्यांनी सक्तीने वाहायच्या, ही वेठ गुजरातच्या खेड्यांत सर्वांच्या अनुभवाची होती. नोव्हेंबर १९१७ मध्ये गोध्रा येथे गांधींच्या अध्यक्षतेखाली पहिली गुजरात राजकीय परिषद भरली. लोकमान्य टिळकही तिला उपस्थित होते. तिथे वेठीचा प्रश्न हाती घेण्यात आला आणि पुढे वल्लभभाईंनी आयुक्त प्रॅट यांच्याकडे त्याचा पाठपुरावा केला.

१९/ कुमाऊंमध्ये तर जानेवारी १९२१ च्या उत्तरायणीच्या जत्रेत बागेश्वर येथे लोकांनी ‘कुली-बेगार’च्या नोंदवह्या शरयू नदीत फेकून दिल्या होत्या. दुसऱ्याचे ओझे सक्तीने वाहणार नाही, ही घोषणा स्वातंत्र्यलढ्याच्या खेड्यांतील पायाभरणीपैकी एक होती. त्या चळवळीच्या वारसदारांसमोर, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच यात्रेत एक माणूस डोक्यावर ओझे घेऊन पळत होता. साहेबाच्या जागी सत्याग्रही होते, एवढाच फरक. पळणाऱ्याच्या मानेला तो फरक कळण्याचे कारण नव्हते.

२०/ गांधींनी सुचवलेला उपाय व्यवहारी होता. दिवा हवाच असेल, तर तो आपल्यापैकी कोणीतरी डोक्यावर घ्यावा. मग बैठक आणि दिवा या दोन्ही वस्तू आपल्याला नकोशा व्हायला वेळ लागणार नाही. प्रवासाचे सामान बांधण्याचा याहून खणखणीत नियम सापडणे कठीण. एखादी वस्तू खरोखर गरजेची आहे की नाही, हे ती स्वतःच्या अंगावर घेतल्यावरच ठरते. दुसऱ्याच्या डोक्यावरची प्रत्येक वस्तू आपल्याला गरजेचीच भासते. हे भाषण झाकून ठेवले गेले नाही. ‘यंग इंडिया’त ते छापूनही आले. सारे जग यात्रेकडे पाहत असताना आपलीच चूक चव्हाट्यावर मांडणे राजकीयदृष्ट्या जोखमीचे होते, तरी ते केले गेले.

२१/ या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहता येते. यजमान कार्यकर्त्यांचा हेतू वाईट नव्हता. काळोखात खाचखळग्यांच्या वाटेवर उजेड धरणे यात त्यांना गैर ते काय वाटणार? शिवाय ऐंशी माणसांचे दूध, जागा आणि शौचाची व्यवस्था यांचा भार आरंभापासूनच गावांवर होता; तो गांधींनीच मागितला होता. ‘स्वतःचे ओझे स्वतः वाहणारी’ यात्रा पूर्णार्थाने कधीच तशी नव्हती, आणि कोणतीही मोठी पदयात्रा तशी असू शकत नाही. तथापि जो भार दुसऱ्याने आपखुषीने उचलला आणि जो त्याच्यावर लादला गेला, यांतील सीमारेषा भाटगामला आखली गेली, हे महत्त्वाचे.

२२/ पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. दांडीला मीठ उचलले गेले, देशभर कायदेभंग पसरला. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी येथील झावळ्यांच्या झोपडीतून गांधींना अटक झाली. रेल्वेने बोरिवलीपर्यंत आणि तिथून मोटारीने त्यांना पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात नेण्यात आले. त्याच तुरुंगात त्यांनी प्रवासात नेता येईल अशा, पेटीत मावणाऱ्या चरख्यावर काम केले. तो ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला जातो. यात्रेच्या झोळीत न मावलेला चरखा अशा रीतीने हातात धरून नेण्याजोगा झाला.

२३/ यात्रेत चाललेल्या ७८ जणांची नावे त्याच आठवड्यात छापली गेली आणि आजही ती वाचता येतात. रात्रीच्या वाटेवर दिवा घेऊन धावलेल्या माणसाचे नाव मात्र त्या भाषणात नाही. त्याने किती मैल वाट कापली, त्याला मजुरी काय मिळाली, दिवा खाली ठेवल्यावर तो काय म्हणाला, यातले काहीही त्यात आलेले नाही. तरीही दांडीयात्रेच्या सामानाची यादी करायची झाली, तर अंथरूण, कपड्यांचा जोड, टकळी, वही आणि पेला यांच्यापुढे त्याच्या डोक्यावरचा तो दिवाही लिहावा लागेल.